आईच्या अंगावरचं पोलकं

गिरगाव,
२२ एप्रिल १९६०

प्रिय बाई,

तुमचं पत्र आणि सोबतचं पोलकं पोचलं. पत्रात ‘चि. नलू’ वाचून हसूच आलं. परळच्या शिवणवर्गात मी तुमच्या लेखी ‘ती लालबागची’ होते.

पण शिकवलंत तुम्हीच, हे कुठेही कबूल करीन. दुसऱ्याकडे राबायला नाही, स्वतःचं दुकान थाटायला शिकवते, असं तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पहिलं पोलकं अनोळखी गिऱ्हाइकाला विकल्याशिवाय दाखला नाही, हा तुमचा नियम. माझी पाळी आली छपन्नच्या जानेवारीत. गोळीबार, संचारबंदी, लालबागचा बाजार बंद. आठवड्याची मुदत मागितली, तर म्हणालात, संयुक्त महाराष्ट्र होईपर्यंत थांबू की काय?

शेवटच्या दिवशी चाळीच्या जिन्याशी एका बाईनं ते घेतलं. मी नाचतच घरी गेले. ती आईच्या गिरणीतली जोडीदारीण, आईनंच पाठवलेली, हे मला कुठे ठाऊक! दाखल्यांच्या समारंभाला आई आली ती तेच पोलकं घालून. लेकीच्या हातचं, तिला राहवलं नाही. तुम्ही ओळखलंत. पडद्याआड तिला ते उतरवायला लावलंत आणि सगळ्यांसमोर उसवलंत. घरच्यांनी घेतलं तो धंदा नव्हे, भीक, असं म्हणालात. आई पदर घट्ट लपेटून चालत घरी आली. त्यानंतर माझ्या हातचं काही तिनं अंगाला लावलं नाही. तो राग मी अजून सोडलेला नाही, बाई.

दाखल्याविना तीन वर्षं मी दुसऱ्याच्या दुकानात नुसती काजं केली. आता माझं दुकान आहे, चार मशिनी आहेत. तुमचा वर्ग मात्र बंद पडला, आणि तुम्ही माझ्याकडे काम मागता, नमुन्याला पोलकं पाठवता.

ते मी आईला दाखवलं. तिनं उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, “तेंका कामाक ठेव गो, हात चांगलो आसा.” खरंच, एक टाका चुकलेला नव्हता. तरी कामावरच्या सगळ्या मुलींसमोर मी ते उसवलं. तुकडे परत पाठवते आहे. येत्या एक मेला संयुक्त महाराष्ट्र होतोय. तुम्ही म्हणालात तेवढी मी थांबले. आई सकाळपासून माझ्याशी बोललेली नाही.

तुमचीच विद्यार्थिनी,
नलू