पहिला पक्षी पाहुण्याचा

नाशिक,
९ फेब्रुवारी २०२५

चि. सलील यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर मी तापले की तुझी रेंज जाते, हा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. म्हणून कागद घेतला. पत्र पुरं झालं की शेजारचा अभिनव त्याचे फोटो काढून तुला पाठवील. तुझ्या पोरांनी कुवेतमध्ये मराठी विसरू नये म्हणून मी पत्र लिहायचं आणि तू ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं, असं आपलं ठरलं आहे. हे पत्र मात्र आधी एकट्याने वाच. आणि घाम फुटला तर तिथल्या उन्हाला दोष देऊ नकोस, सध्या तिथे थंडी आहे.

काल घरच्या ग्रुपवर तू फोटो टाकलास. वाळवंटात तंबू आहे, शेकोटी आहे. एक अरब गृहस्थ हातावर ससाणा घेऊन उभे आहेत, आणि मधोमध आपला निखिल. त्याच्या हातात पायांनी उलटा धरलेला, मेलेला, लांब शेपटीचा तांबूस पक्षी. आपल्याकडच्या रानकोंबड्याचा कोणी श्रीमंत चुलतभाऊ असावा तसा. खाली तू लिहिलं आहेस की मुलांची पहिली शिकार. त्यावर काकांनी अंगठा वर केला, मावशीने टाळ्या वाजवल्या. पराक्रमच ना! गड जिंकून आलात!

सलील, आयुष्यभर व्यासपीठावर उभी राहून मी एकच गोष्ट ओरडून सांगत आले. ज्याला पळता येत नाही त्याच्यावर हात टाकणं हे शौर्य नव्हे, आणि त्याचा खेळ करणं तर शुद्ध नीचपणा आहे. माझ्या सभांना पहिल्या रांगेत बसून तू टाळ्या दिल्यास. चौदा वर्षांच्या निखिलला आणि दहा वर्षांच्या शर्वरीला तू हा खेळ बघायला घेऊन गेलास? तेही कौतुकाने, थर्मास भरून?

आणखी एक. फोटोत शर्वरी कडेला उभी आहे आणि ती कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. ती कुणाकडेच बघत नाहीये. ते तुला दिसलं नसेल, कारण फोटो तूच काढत होतास.

उत्तर दे. मुक्ताला आशीर्वाद. तिने तुला थांबवलं कसं नाही, हे तिलाही विचारणार आहे. माझा लोभ आहेच, फक्त सध्या तो दात ओठ खात बसला आहे.

तुझी,
ताई

•

महबूला, कुवेत
११ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र एकट्याने वाचलं. नंतर मुक्ताने वाचलं आणि म्हणाली, ताईंना सांगा की मी त्या दिवशी सर्दीने झोपले होते, मला यात ओढू नका.

आता नीट ऐक. फोटोतले गृहस्थ फैसल. शुऐबाच्या आमच्या प्लांटमधले माझे मॅनेजर. वफ्र्याकडे त्यांचं शेत आहे. थंडीत तिथे तंबू पडतो आणि दर शुक्रवारी मित्रमंडळी जमतात. बाहेरच्या रानपाखरांना मारायला इथे बंदी आहे, म्हणून ते पिंजऱ्यात वाढवलेले फेझंट विकत आणतात. आता थंडी सरत आली, थोड्या दिवसांत रमझान लागेल, तंबू निघेल. मोसम संपत आल्यावर जे पक्षी उरलेत ते ससाण्यापुढे सोडतात. इतक्या वर्षांत आम्हा भारतीयांपैकी कोणालाही त्यांनी तिकडे बोलावलं नव्हतं. मला बोलावलं, तेही मुलांना घेऊन. नाही म्हणू?

त्यांची एक रीत आहे. पहिला पक्षी पाहुण्याचा. म्हणजे पाहुण्याने, आणि पाहुण्याबरोबर मूल असेल तर त्या मुलाने, पक्षी दोन्ही हातांत धरायचा आणि वर उडवायचा. मग ससाण्याच्या डोळ्यांवरची टोपी काढतात. तो मान त्यांनी शर्वरीला दिला. त्यांच्या स्वतःच्या मुलाला सोडून! ती जरा बावरली, पण सोडला तिने. निखिलला तर परत यायचंच नव्हतं.

आणि ताई, रविवारी मटणाच्या दुकानात उभी राहून मांडीचंच द्या म्हणून भांडतेस, ती तूच ना? तो बोकड काय राजीनामा देऊन आलेला असतो?

शर्वरी तेव्हापासून थोडी रुसली आहे. बोलत नाही फारशी. वय आहे. परवा शावर्मा आणून दिला, तोही निखिलनेच खाल्ला. येत्या २१ तारखेला फैसलनी पुन्हा बोलावलं आहे, मोसमातला शेवटचा बेत. मुलीची भीती मोडली पाहिजे म्हणतात. मी हो म्हटलं आहे. माझ्या कराराचं मार्चमध्ये ठरणार आणि कागद त्यांच्याच टेबलावरून पुढे जाणार. तेव्हा कृपा करून भाषण नको.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
सलील

•

नाशिक,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. शर्वरीस,
खूप खूप आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र फक्त तुला आहे. आईच्या फोनवर पाठवते आहे. तुझा बाबा लिहितो की तू पक्षी सोडलास. मोठी माणसं लहानांच्या वतीने फार बोलतात. मीही बोलते, माझा तर तो धंदाच आहे. म्हणून या वेळी मी गप्प बसते. काय झालं ते तू सांग. चुका झाल्या तरी चालतील. वेलांट्या मी नंतर बघेन.

तुझ्या पत्राची वाट बघणारी,
आत्या

•

महबूला
१४ फेब्रुवारी

ती. आत्याला,
सा. न. (याच्यापुढे काय लिहायचं ते आईला विचारलं, तिने सांगितलं वि. वि.)

मी ठीक आहे. तू कशी आहेस?

आम्ही सकाळी गेलो तेव्हा खूप थंडी होती. तिथे पिंजरे होते. फैसल अंकल म्हणाले बर्ड्सना दाणे घाला. मी आणि निखिलदादाने घातले. ते घाबरत नव्हते. हातातून खात होते.

मग दुपारी अंकलनी त्यातला एक माझ्या हातात दिला. तो गरम होता. तो उडायला बघतच नव्हता. तो माझ्या स्वेटरच्या बाहीत चोच घालत होता. त्याला वाटलं माझ्याकडे अजून दाणे आहेत. मग मला कळलं की आता काय होणार आहे. सगळे यल्ला यल्ला, म्हणजे चल लवकर, म्हणत होते. मी बाबांना मराठीत सांगितलं की मी सोडणार नाही. मराठीत यासाठी की दुसऱ्या कोणाला कळू नये. बाबा हळूच म्हणाले की सगळे बघतायत, सीन करू नकोस. मी परत नाही म्हटलं.

मग बाबांनी माझी बोटं उघडली. आधी अंगठा. मग एकेक.

तो थोडासाच उडाला.

मग बाबा सगळ्यांना म्हणाले शी इज स्केअर्ड. आत्या, मला भीती वाटत नव्हती. मला अजिबात भीती वाटत नव्हती. बाबा खोटं बोलले.

मी बाबांशी बोलत नाही. त्यांनी अजून विचारलं नाही का ते. पुढच्या शुक्रवारी परत जायचं आहे. परत माझ्या हातात देतील. मी काय करू?

तुझी,
शर्वरी

•

नाशिक,
१५ फेब्रुवारी २०२५

सलील,

आज आशीर्वाद नाही, वि. वि. नाही. ज्याने पत्रात खोटं लिहिलं त्याला मायने कशाला?

सोडला तिने, असं लिहिलंस. तिने सोडला नाही. तू सोडवलास. आधी अंगठा, मग एकेक बोट. पोरीने मला तसंच लिहिलं आहे आणि त्या ओळीवरून माझी नजर अजून हलत नाही.

तुझा बोकडाचा टोला मला लागला, कबूल. मी मांस खाते. त्याचं उत्तर मला द्यावं लागेल आणि ते माझ्याकडे पुरतं नाही. पण कुणाच्या हातून मी ते काम जबरदस्तीने करून घेतलेलं नाही. सकाळी ज्याला दाणे घातले त्याला दुपारी स्वतःच्या हाताने उडवायचं, आणि याला मान म्हणायचं? फैसलना मी दोष देत नाही. त्यांची रीत त्यांनी मनापासून पाळली, जवळचं समजून पोरीच्या हातात दिलं. ती नको म्हणते आहे हे त्यांना कळलंच नाही, कारण ते ज्याने सांगायचं तो तिथे बाप म्हणून उभा नव्हता. मॅनेजरचा माणूस म्हणून उभा होता!

आणि तिने नाही कसं म्हटलं बघ. मराठीत. चारचौघांत तुझी मान खाली जाऊ नये म्हणून, फक्त तुला कळेल अशा भाषेत. तिने तुझी अब्रू राखली. तू बदल्यात काय केलंस? जगाला समजेल अशा भाषेत तिला भित्री ठरवलंस. अरे, त्या मांडवात तेवढी एकच व्यक्ती भ्यालेली नव्हती!

मुलींना नाही म्हणायला शिकवा, असं आपण बोलतो. मी तर त्यावर हार-तुरे घेतलेत. पोर आयुष्यात पहिल्यांदा ठामपणे नाही म्हणाली, आणि तिला काय शिकायला मिळालं? की नाही म्हटलं तरी बोटं उघडली जातात, आणि उघडणारा हात आपल्याच माणसाचा असतो. हा धडा पुसायला किती वर्षं लागतात ते मला विचार.

२१ तारखेला ती जाणार नाही. हे मी सुचवत नाही, सांगते आहे. करार राहिला तर उत्तम, गेला तर नाशिकमध्ये दोन खोल्या रिकाम्या आहेत. तुला कसली भीती आहे ते मला कळतं, त्या भीतीची मी चेष्टा करत नाही. पण ती तुझी भीती आहे. ती पोरीच्या नावावर चढवू नकोस.

आणि तिच्याशी बोल. शावर्मा नको. बोल.

निखिलला मात्र यातलं काही लावून घेऊ देऊ नकोस. त्याला मजा वाटली, तो खोटं बोलला नाही.

माया पातळ झालेली नाही. पण आज ती मागू नकोस.

ताई

•

महबूला, कुवेत
२२ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी तीन दिवस खिशात, म्हणजे फोनमध्ये, घेऊन फिरलो. मुक्ता म्हणाली, उत्तर लिहू नका, आधी करा काहीतरी.

गुरुवारी संध्याकाळी शर्वरीच्या खोलीत जाऊन बसलो. तू घाबरली नव्हतीस, मी घाबरलो होतो, असं म्हणालो. तुझी बोटं उघडायला नको होती, असंही म्हणालो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. उद्या तू येणार नाहीस, एवढं सांगून उठलो.

निखिलला जायचं होतं. त्याला नाही कसं म्हणू, म्हणून आम्ही दोघंच गेलो. वारं फार बोचरं होतं. पोचताच फैसलनी विचारलं, बिंत, म्हणजे मुलगी, कुठे? माझं अरबी तुला माहीत आहे, अर्धं इंग्रजी, उरलेलं हातवारे. त्यात मी सांगितलं की मुलगी घाबरली नव्हती, ती नको म्हणाली होती आणि मी तिची बोटं सोडवली. त्यांना किती कळलं, देव जाणे. ते ससाण्याच्या पायातली दोरी नीट करू लागले. कावा, म्हणजे त्यांची कॉफी, आला, खजूर आले.

मग रीत. पाहुण्याचं मूल नव्हतं ना पुढे, निखिल गाड्यांपाशी होता. पक्षी माझ्याच हातात दिला.

ताई, तो खरंच गरम असतो. आणि त्याचं हृदय इतकं जोरात चालतं की आपल्याला वाटतं आपलंच चाललंय. सगळे थांबले होते. यल्ला झालं, हसणं झालं, मग हसणंही थांबलं. मी उभाच. माझी बोटं कोणी उघडली नाहीत. मोठ्या माणसाची कोणी उघडत नाही.

शेवटी मी चालत जाऊन तो पिंजऱ्यात परत ठेवला आणि दार लावलं. गाड्यांपाशी उभ्या निखिलने लाजेने मान फिरवली. पुढचा पक्षी फैसलनी आपल्या मुलाच्या हातात दिला. तो उडाला. मग त्याच्या पुढचा. मोसम नेहमीसारखाच संपला. नंतर मोठ्या थाळीत भात आणि मांस आलं, मी खाल्लं. नाही म्हणायचं बळ एका दिवसात एकदाच पुरलं. निघताना फैसलनी गाडीत खजुराचा डबा ठेवला. कराराबद्दल चकार शब्द नाही. मार्चमध्ये कळेल ते कळेल. तोवर झोप कमीच आहे, हे तुझ्यापासून लपवत नाही.

घरी येऊन शर्वरीला सगळं सांगितलं. मला वाटलं आता तरी ती गळ्यात पडेल. ती बोलली, पण काय बोलली ऐक. आणि बाकीचे? तुम्ही एकच का ठेवलात? पिंजरा का नाही उघडलात? तिथे जेवलात कसे? दादाला नेलंत कशाला? निखिल मध्ये पडला तर त्यालाही झोडपलं. मराठी, हिंदी, इंग्रजी, ज्या भाषेत जो शब्द मिळेल तो. मुक्ताने ताटं उचलली तरी चालूच. ताई, मला तुझ्या सभेत पहिल्या रांगेत बसल्यासारखं वाटत होतं, फरक एवढाच की या वेळी भाषण माझ्यावर होतं. इतक्या दिवसांनी तिचा आवाज घरात आला आणि मी शिव्या खात सुखाने बसलो होतो.

शेवटी निर्णय झाला. नोव्हेंबरात तंबू पुन्हा पडेल तेव्हा ती येणार आहे. पक्षी धरायला नाही, फैसलना तोंडावर सांगायला. मी विचारलं, कुठल्या भाषेत सांगशील? ती म्हणाली, ते तुम्ही बघा.

शाळेतलं अरबी तेवढ्याला पुरायचं नाही. उद्यापासून तिला शिकवणी लावतो आहे.

राग उरला असेल तर तो तिच्यासाठी राखून ठेव, तिला उपयोगी पडेल. माझ्या वाट्याला थोडी माया येऊ दे.

तुझा,
सलील