हाताखाली आवळलेलं गर्भाशय

आई, तू गेलीस त्याला वीस वर्षं होऊन गेली, तरी ही बातमी आधी तुलाच सांगावीशी वाटते. लामत्याकडच्या ज्या उपकेंद्रात तू नर्स होतीस, तिथेच आता मी आहे. परवा तिथे मी एका बाळंतिणीला मरू दिलं नाही.

मी दहावीत होते तो दिवस तू विसरली नसशील. तुझ्या हातून एका बाईचं बाळंतपण नीट झालं, मुलगी रडली, आणि मग त्या बाळंतिणीचं रक्त थांबेना. जीप बालाघाटच्या रस्त्यावर असतानाच ती बाई गेली. तू घरी येऊन स्वयंपाकघरात बसलीस, ताटातला भात तसाच. तुला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "देवाची मर्जी होती, आई." तू ताट सरकवतेस आणि कधी नव्हे ते माझ्यावर ओरडतेस, "देवाले काहून मधात आणून राह्यली? माह्याजवळ दवाई नव्हती, असं म्हण!" त्या एका वाक्यापायी मी नर्सिंगला गेले.

तिथे प्रोस्टाग्लँडिन हा शब्द भेटला. आधी तर उच्चारताही येईना. बाईच्या शरीरात आपसूक तयार होणारं द्रव्य. पाळीत पोटात कळ उठते ती त्याच्यामुळे. दिवस भरले की गर्भाशयाचं तोंड तेच मऊ करतं, कळांना जोर देतं. आणि बाळ झालं की गर्भाशय आवळून उघड्या रक्तवाहिन्या दाबायलाही तेच मदत करतं. ज्या कळांना मी इतक्या शिव्या दिल्या, त्यांच्यामागेही तेच होतं! त्याच जातीच्या गोळ्या आता आमच्या कपाटात असतात.

परवा दुपारी बाळ झालं, वार पडली, रक्तस्रावावरचं नेहमीचं इंजेक्शन दिलं, तरी गर्भाशय हाताला सैल कणकेसारखं लागत होतं. चादर भिजत चालली. मी अँब्युलन्स बोलवायला लावली, गोळ्या तिच्या जिभेखाली ठेवल्या आणि पोट चोळत राहिले. सासू दारातून विचारते, "सिस्टर, वाचन ना माही सून?"

"हौ," मी म्हणाले. अजून काहीच ठरलेलं नव्हतं.

आणि आई, माझ्या तळव्याखाली ते आवळलं! कच्च्या पेरूसारखं टणक. रक्त ओसरलं. गोळ्यांनी तिला हुडहुडी भरली, मी ब्लँकेट पांघरलं, तर ती म्हणते, "मले भूक लागली." अँब्युलन्सने तिला आणि बाळाला बालाघाटला नेलं, आणि संध्याकाळी तिथून डॉक्टरांचा फोन आला, दोघं सुखरूप आहेत.

तेव्हापासून मी भेटेल त्याला हे सांगत सुटले आहे, वारासिवनीच्या बसमधल्या अनोळखी बाईलासुद्धा. हे पत्र मात्र वहीतच राहील. कारण एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही: तो फोन ठेवल्यावर मी उपकेंद्राचं दार आतून लावलं, आणि या वयात, एकटीच, दम लागेपर्यंत नाचले.