न गळणारी कुप्पी

ब्रॅकनसाइड, डरहॅमजवळ
बुधवार, २६ ऑगस्ट १९८७

आदरणीय अँब्रोज भावोजींना,

धाकट्या मेव्हण्याचा टोपी काढून नमस्कार. समुद्राची हवा तुम्हाला मानवत असेल, गुडघा कुरकुर करत नसेल आणि चष्मा सापडला असेल अशी आशा करतो. (सापडला नसणार. त्यामुळे हे पत्रही नेहमीप्रमाणे ताईच तुम्हाला वाचून दाखवत असणार. ताई, सावकाश वाच. भावोजींचा चहा होऊ दे, मग पुढे जा.) इकडे सौ. मर्टलची तब्येत उत्तम आहे. माझ्याशी बोलत नाही एवढंच, पण त्याने तिच्या तब्येतीला उलट आरामच पडलाय.

तुमचं चार पानी उत्तर मिळालं. पत्र्याच्या जोडाला कथलाचा डाग कसा द्यावा एवढंच मी विचारलं होतं. त्यावर तुम्ही चिकाटीबद्दल एक पान, तरुणांच्या उतावळेपणाबद्दल एक पान (मी एकाहत्तर वर्षांचा आहे) आणि १९५१ साली आपल्या छोट्या इंजिनांच्या मंडळात तुमचं कसं कौतुक झालं याबद्दल दोन पानं लिहिलीत. वाचून ऊर भरून आला. जोड साफ करायचा नवसागर आधी लावायचा की मागाहून, याबद्दल मात्र त्यात अवाक्षर नाही. मोठ्या माणसांचं असंच असतं म्हणा. त्यांना बारीकसारीक गोष्टी सांगायला लाज वाटते.

माझी अडचण तुम्हाला ठाऊकच आहे, तरी पुन्हा सांगतो, कारण रडगाणं एकदाच गाऊन समाधान होत नाही. चौदा वर्षं परसातल्या शेडमध्ये खपून मी ते वाफेचं इंजिन पुरं केलं. लांबी चार फूट, उंची गुडघ्याएवढी, आणि शिट्टी अशी की शेजारच्या सेथच्या कोंबड्यांनी दोन दिवस अंडी दिली नाहीत. आता ते मंडळाच्या रुळांवर धावायला हवं. यंदाच्या हंगामाचा शेवटचा रविवार हा येता रविवार. त्यानंतर मे महिन्यापर्यंत रूळ बंद. आणि आमचे डॉक्टर हल्ली मे महिन्याचं नाव काढलं की हवापाण्याच्या गोष्टी करायला लागतात. मर्टल गेल्या आठवड्यात (बोलत होती तेव्हा) म्हणाली, "क्लेम, चौदा वर्षं तुझा चहा त्या शेडमध्ये नेऊन दिलाय. ते लोखंड एकदा तरी हलताना बघू दे." तेव्हा हा रविवार म्हणजे रविवार.

आणि आड काय आलं, तर एक तेलाची कुप्पी. मंडळाचा नियम १९११ पासूनचा आहे आणि दारावरच रंगवलाय: ज्याच्या हातची कुप्पी, त्याच्या हाती इंजिन. इंजिन आयतं घेऊन आलात तरी चालेल, पण त्याला तेल घालायची कुप्पी स्वतः घरी बनवलेली हवी. ती तेलाने भरून शनिवारी संध्याकाळी मंडळाच्या खोलीत पांढऱ्या टीपकागदावर ठेवायची आणि रविवारी सकाळी उचलून बघायची. कागदावर तेलाचा ठिपका दिसला की माणूस घरी. पूर्वी जुने सेक्रेटरी असताना चष्मा काढून बघायचे, माणुसकी होती. आता थर्झा हेडली आहे. शाळेत गणित शिकवते, मंडळात यायला बायकांना परवानगी मिळाली त्या पहिल्याच वर्षी आली आणि दुसऱ्या वर्षी सेक्रेटरी झाली. ती भिंग घेऊन बघते. मी तिला सहज म्हटलं, कागद थोडा जुना वापरला तर? तर म्हणते, "मिस्टर ट्वेडल, कागद जुना चालेल. कुप्पी नवी लागेल."

आणि तिच्या डोक्यावर भिंतीला चौकटीत लावलेला तो तुमचा कोरा कागद. छत्तीस वर्षांत एकही ठिपका नसलेला टीपकागद तुमच्याशिवाय कुणाला साधला नाही. (इतरांना 'जवळजवळ कोरा' म्हणून सोडून देत. थर्झाने 'जवळजवळ' हा शब्द बंद केलाय.) नवीन माणूस आला की त्याला आधी तो दाखवतात. पाहुणे विचारतात, चित्र कुठे गेलं. खाली तुमची सही, 'अँब्रोज हॅलिवेल, १९५१'. कोऱ्या कागदावर सही करून इतकी वर्षं मान मिळवणारा माणूस आमच्या घराण्याचा जावई आहे, याचा मला अभिमान वाटतो.

असो. पहिली कुप्पी. पत्रा मर्टलच्या बिस्किटांच्या डब्याचा घेतला. (त्यात तिची बटणं होती. बटणं मी जपून एका जागी ठेवली आहेत. जागा आठवेल.) पत्रा गोल वळवायला काहीतरी गोल हवं म्हणून तिचं लाटणं नेलं. लाटणं उत्तम. मात्र जोडाला लावलेला नवसागर लाटण्यात मुरतो, हे मला मागच्या एका रविवारी मांस भरलेल्या पेस्ट्रीचा पहिला घास घेतल्यावर समजलं. मी दोनदा मागून घेऊन सबंध पेस्ट्री संपवली, म्हणजे तिला चव कळू नये. तेवढ्यानेच तिला संशय आला. एरवी मी दुसऱ्यांदा मागत नाही.

बुडाला डाग देताना आत कचरा जाऊ नये म्हणून मी कुप्पीच्या चोचीत लाकडाची खुंटी ठोकून ठेवली होती. आता कुप्पी चहूबाजूंनी बंद, आत हवा, आणि बाहेरून मी ज्योत धरलेली. सव्वीस वर्षं वॅगनच्या कारखान्यात काढलेल्या माणसाला हवा तापली की फुगते हे माहीत असायला हवं. मला माहीत होतं. त्या वेळी आठवलं नाही. बूड असं सुटलं की मी ते जाताना पाहिलंच नाही, फक्त टोपी डोक्यावर नव्हती. धुरासाठी खिडकी उघडी ठेवली होती. पुढे कुंपण आहे आणि कुंपणापलीकडे सेथचे लीक, कांद्याचे ते लांबोडे चुलतभाऊ.

तुम्ही इथून गेल्यापासून सेथ जास्तच बिघडलाय. त्या लीकांना तो बिअर पाजतो. प्रदर्शनाला तीन सारखे लीक लावावे लागतात. मनगटाएवढे जाड, तिन्ही एका मापाचे, म्हणजे बारा महिन्यांची तपश्चर्या. बूड त्यातल्या मधल्या लीकमधून आरपार गेलं. थोड्या वेळाने सेथ कुंपणाशी आला, तांबडालाल, पण आवाज अगदी मऊ. "क्लेम, तुझं काहीतरी माझ्याकडे आलंय," म्हणाला आणि बूड खांबावर ठेवून गेला. मग त्याने अर्धा लीक आमच्या स्वयंपाकघरात आणला, मर्टलने त्याचं सूप केलं, आणि दोघांनी ते माझ्यासमोर बसून प्यायलं. मला कुणी विचारलं नाही. वास चांगला होता.

दुसऱ्या कुप्पीला खुंटी ठोकली नाही. ती दिसायला इतकी देखणी झाली की मी ती चहाच्या टेबलावर आणून ठेवली. टीपकागदावर ठेवायची वेळच आली नाही, कारण टेबलावरच्या कापडाने ते काम केलं. मर्टलचं बोलणं बंद झालं ते तेव्हापासून.

तिसरी पितळेची. बूड किंचित फुगीर ठेवलं, अंगठ्याने दाबलं की टक् व्हावं आणि तेलाचा थेंब चोचीतून यावा, म्हणून. पण पत्रा जाड पडला. मी दाबतोय, दोन्ही अंगठ्यांनी दाबतोय, कुप्पी ढिम्म. तेवढ्यात पाद्रीबाबा पम्फ्री आले, चर्चच्या छपराची वर्गणी मागायला. त्यांना यंत्रांचा शौक. चोचीत डोळा घालून बघायला लागले आणि बघता बघता त्यांची करंगळी बुडाला लागली. माझ्या दोन अंगठ्यांना न बधलेलं बूड त्या सत्पुरुषाच्या करंगळीला वश झालं. पाऊण कुप्पी तेल, कपाळापासून पांढऱ्या कॉलरपर्यंत. मी फडकं शोधू लागलो. बाबा तसेच उभे राहून म्हणाले, "मिस्टर ट्वेडल, बायबलच्या जुन्या करारात राजांना असाच तेलाचा अभिषेक करत असत." मग डोळे पुसून वर्गणीची पावती दुप्पट रकमेची फाडली. मी मुकाट्याने दिली. मर्टल मागच्या दारात उभी राहून खांदे हलवत होती. रडत असावी असं मी धरून चालतो.

ती कुप्पी सोमवारी टीपकागदावर ठेवून बघितली. वाटाण्याएवढा ठिपका. काल पुन्हा डाग देऊन ठेवली. वाटाणे दोन. भावोजी, खरं सांगतो, मी शेडमध्ये त्या इंजिनाशेजारी स्टुलावर बसलो आणि मला फार वाईट वाटलं. चौदा वर्षांत बॉयलर फुटला नाही, चाक वाकडं गेलं नाही, आणि वीतभर पत्र्याच्या टमरेलापुढे मी हात टेकले. लेथवर इंचाचा हजारावा भाग मोजणारा मी, पण डाग द्यायचा हात देवाने मला दिला नाही. तो ज्याला असतो त्याला असतो.

बाकी इकडील सर्व क्षेम. गुडघ्याला लोकरीचं गुंडाळत जा. ताईला माझा नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक,
क्लेमेंट ट्वेडल

ता.क. १: एक सांगायचं राहिलं. इथून जाताना तुम्ही तुमची ती १९५१ची कुप्पी माझ्या स्वाधीन केली होतीत आणि 'नुसती बघ, हात लावू नकोस' असं बजावलं होतंत. मी नऊ वर्षं नुसती बघितली. आज सकाळी हात लावला. असा कुठला डाग असतो की जो छत्तीस वर्षं गळत नाही, हे बघितल्याशिवाय मला राहवेना. हलकेच गरम करून बूड सुटं केलं. क्षमा असावी. पत्र्याला ओरखडासुद्धा नाही.

ता.क. २: ओरखडा नाही म्हणालो ते खोटं. एक आहे, पण तो माझा नाही. बुडाच्या आतल्या अंगाला, जिथे कुप्पी बंद झाल्यावर कुणाची नजर जायचं कारण नाही, तिथे टोकदार खिळ्याने नीट अक्षरात लिहिलंय: 'हेस्टर. तिसरी खेप. ही गळणार नाही.' अक्षर मी ओळखलं. लहानपणी माझी शाळेची पुस्तकं त्याच अक्षरात सुधारलेली असायची.
भावोजी, तुमचं पितळ असं उघडं पडावं अशी माझी मुळीच इच्छा नव्हती. आता तुमच्या चार पानांत नवसागर का नव्हता ते कळलं. लढाईच्या काळात ताई तीन वर्षं कारखान्यात विमानांच्या टाक्यांना डाग देत होती, हे आपण सगळे कसे सोयीस्कर विसरलो तेही कळलं. (आपण म्हणजे मीसुद्धा.) तुम्ही गप्प का बसलात ते मी विचारत नाही. त्या काळी तिचं नाव सांगितलं असतंत तर मंडळाने कुप्पी ठेवून घेतली नसती आणि तिला किटली देऊन आत पाठवलं असतं. तसं पाठवलंच म्हणा. काही बोलू नका. खोकल्याचं नाटकही नको. ती वाचतेय.

ता.क. ३: हे तेवढं मोठ्याने वाचू नकोस, ताई. मनात वाच. भावोजींना सांग, पत्र संपलं.
मी दुपारी थर्झाकडे गेलो आणि एका स्नेह्याच्या वतीने विचारतोय असं सांगितलं, की इंजिन एकाचं आणि कुप्पी दुसऱ्याच्या हातची असेल तर काय. तिने दाराकडे बोट दाखवलं. नियमात इंजिन कुणाचं याबद्दल काही नाही, म्हणाली, कुप्पी कुणाची तेवढंच आहे. मग मी ते बूड खिशातून काढून तिच्यापुढे ठेवलं. तिने भिंगातून वाचलं, पुन्हा वाचलं, भिंतीवरचा तुमच्या घरचा कोरा कागद उतरवला आणि सही आहे तिथे बोट ठेवून मला विचारलं, "या बाई अजून आहेत?" आहेत म्हटलं, पंच्याहत्तरीच्या आहेत आणि हात थरथरत नाही. सभासद होण्याचा कागद सोबत जोडलाय. सही तुझी तू कर. तो कोरा कागद तिने टेबलावर ठेवलाय, सही बदलायला. खाली जागा आहे.
शुक्रवारच्या बसने ये. शेड झाडून ठेवलीय, बूड आणि कुप्पी शेजारी शेजारी मांडली आहेत, नवसागर नवा आणलाय. डाग तू दे. शनिवारी ती टीपकागदावर राहील आणि रविवारी इंजिन तू चालवशील. मी आणि मर्टल मागच्या डब्यात बसू. मला ते हलताना बघायचंय, ताई. इंजिनाचा दांडा माझ्याच हातात हवा असं मला आज सकाळपर्यंत वाटत होतं, आता वाटत नाही. (मर्टलला हे सांगितल्यावर ती बोलायला लागली. पहिलं वाक्य बटणांबद्दल होतं.)
भावोजींनाही आण. मंडळाच्या खोलीत चहा करायला माणूस हवाय. इथून जाईपर्यंत सत्तावीस वर्षं तू केलास, तेव्हा किटली कुठे असते ते त्यांना दाखव.