जावईबापूंनी जागा करून दिली

३ मार्च, रविवार

जावईबापूंनी आज माझा संगणक मारला. हसतमुखाने मारला, वर चहा प्यायले आणि साडेचारच्या गाडीने निघून गेले.

या यंत्रात दोन बिऱ्हाडं आहेत. एकात विंडोज — तिथून मी वर्तमानपत्राला बातम्या पाठवतो. दुसऱ्यात लिनक्स — तिथे माझे हत्ती राहतात. हत्तींच्या वैद्यकावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथाचा अनुवाद, टिपांसह, अकरा वर्षांचा. दुसरी प्रत? आहे ना. दोन वर्षांपूर्वीची!

जावईबापू म्हणाले, "बाबा, विंडोजला जागा फार कमी पडतेय. मधला एक भाग नुसता रिकामा आहे. तो इकडे जोडून देऊ?"

'हात लावू नका' हे तीन शब्द जिभेवर आले होते. पण जावयाला नाही कसं म्हणायचं! म्हणालो, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा." आणि सासऱ्याला दोनदा काय विचारायचं, म्हणून त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. दोघांच्या सौजन्याने खून पार पडला.

संध्याकाळी चालू केला. काळा पडदा. 'असा भाग अस्तित्वात नाही', आणि खाली 'ग्रब रेस्क्यू' म्हणून एक लुकलुकती रेघ. ना विंडोज, ना लिनक्स, ना हत्ती.

प्रकाशकांना शुक्रवारी हस्तलिखित हवंय. नाही गेलं तर "पुढचं पुढे बघू". म्हणजे मी फोटोत गेल्यावर.

सोडणार नाही.

४ मार्च, सोमवार

लेकीचा फोन. आईने बातमी पोचवलेली दिसते.

"बाबा, ह्यांना देऊ का? फोनवरून सांगतील, पाच मिनिटांचं काम आहे म्हणतात."

"नको. त्यांना कशाला उगाच त्रास."

"तुमचं 'उगाच त्रास' मला कळतं हं! रागावलात ना?"

"छे!"

स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "आरशात बघा जरा, छे म्हणणाऱ्याचं तोंड."

त्यांच्या हातून दुरुस्त करून घेणं म्हणजे त्यांना पुण्य मिळवून देणं. मुळीच नाही! मी स्वतः करणार. आणि पुढच्या खेपेला आले की बैठकीत बसवून हत्तीच्या अपचनाचा अध्याय वाचून दाखवणार. पाठभेदांसकट. मध्ये उठू देणार नाही.

५ मार्च, मंगळवार

कचेरीतल्या यंत्रावर बसून वाचलं, वहीत उतरवून घेतलं. दुपारी भ्रष्टाचाराची एक बातमी द्यायची होती, ती तशीच राहिली. एका वेळी एकच गुन्हेगार.

एवढं उमगलं: बूटलोडर म्हणजे संस्कृत नाटकातला सूत्रधार. सर्वांआधी रंगमंचावर येतो, आज कोणतं नाटक ते सांगतो आणि निघून जातो. विंडोज की लिनक्स, ते तोच विचारतो. त्याचा स्वतःचा बाडबिस्तरा मात्र लिनक्सच्या बिऱ्हाडात. ते त्याला सापडत नाही, म्हणून नांदीलाच नाटक अडलंय.

घरी येऊन वहीतल्या आज्ञा टंकल्या. 'अनोळखी आज्ञा.' पुन्हा टंकल्या. 'अनोळखी आज्ञा.' चष्मा पुसून पुन्हा. मला हे वाक्य शाळेतही कुणी ऐकवलं नव्हतं.

ही म्हणाली, "दात खाऊ नका, डॉक्टरांनी सांगितलंय."

६ मार्च, बुधवार

आज योग आला! न मागता आला!

संपादकांनी आत बोलावलं. "शास्त्रीबुवा, संगणक विभागासाठी माणूस घेतोय. शेवटी दोघं उरलेत, आणि त्यांतले एक तुमचे जावई निघाले की हो! तुमचं नावसुद्धा घेतलं नाही त्यांनी. आमच्या हिशेबनीसबाईंनी ओळखलं, लग्नाला आल्या होत्या त्या. माणूस कसा आहे?"

माझ्याच वर्तमानपत्रात अर्ज, आणि मला पत्ता नाही! तेही त्यांच्या खात्यावर मांडलं.

म्हणालो, "स्वभावाने सोनं. फक्त माझा संगणक मी पुन्हा त्यांच्या हातात देणार नाही."

संपादक हसले. मग हसायचे थांबले. मग समोरच्या कागदावर एक रेघ ओढली.

चालत घरी आलो. दोन घास जास्त जेवलो. इतकं हलकं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. एक वाक्य, त्यात खोटा शब्द एकही नाही!

७ मार्च, गुरुवार

सापडले!!

चूक माझी होती — आज्ञेत एक मोकळी जागा जास्त पडत होती. आज एकेका भागाचं दार ठोठावलं. दुसरा, अनोळखी. तिसरा, अनोळखी. पाचव्याने दार उघडलं आणि आतली सगळी यादी ओकली. सूत्रधाराला सांगितलं, बाबा रे, तुझं सामान आता पाचात आहे. मग शेवटचा मंत्र, 'नॉर्मल'. आणि पडदा उजळला! हत्ती उभे, सगळे, सोंडेपासून शेपटापर्यंत. आधी प्रत काढली, मग पाणी प्यायलो.

म्हणजे झालं होतं काय? मधलं रिकामं बिऱ्हाड काढलं, म्हणून पुढच्यांचे क्रमांक एकेकाने खाली आले. सहाचं पाच झालं. सूत्रधार बिचारा सहाच्या दारात उभा. जावईबापूंनी माझ्या एका अक्षरालाही धक्का लावलेला नाही. खरंच पाच मिनिटांचं काम होतं.

संपादकांना सांगायला हवं का?

सोमवारी बघू. जरा शिजू देत.

८ मार्च, शुक्रवार

सकाळी पुन्हा काळा पडदा! कालची दुरुस्ती त्या एका वेळेपुरतीच होती म्हणे. पुन्हा तेच मंत्र, आत शिरलो आणि या खेपेला बूटलोडर डिस्कवर नव्याने बसवला. तीनदा बंद करून चालू केला. तिन्ही वेळा शहाण्यासारखा विचारतो — विंडोज की लिनक्स?

हस्तलिखित गेलं. प्रकाशकांचं उत्तरही आलं, "मिळालं. छान." अकरा वर्षांना दोन शब्द. चालेल.

११ मार्च, सोमवार

कचेरीला निघतच होतो, तेवढ्यात लेकीचा फोन. "बाबा, ह्यांनी तुमच्या पेपरात अर्ज केला होता. तुमच्यावर शिफारशीचा भार नको, म्हणून बोलले नाहीत. झालं असतं तर आम्ही तुमच्याकडेच राहायला येणार होतो, कायमचे. आईला तेवढं सांगितलं होतं. काल नकार आला. इथल्या कंपनीने परदेशी पाठवायचं विचारलं होतं, त्याला रात्रीच हो म्हणून टाकलं. शनिवारी निघतोय. तीन वर्षं."

मी म्हणालो, "प्रकृतीला जपा."

ही मागच्या खोलीतले नवे पडदे उतरवतेय. स्टूल धरायला मला बोलावतेय.