ठोंब्याचे डोळे

प्रिय चिमट्या,

कागदावरची अक्षरं तुझ्या इस्त्रीवाल्या मावशीची आहेत, तिखटपणा मात्र माझाच. तो तिच्या माथी मारू नकोस. लहानपणी तू मला 'ग' शिकवायला बसला होतास आणि माझ्यावर चिडून पाटीच फोडलीस. तेव्हापासून मी पाट्यांच्या वाटेला गेले नाही. मावशीला बजावलंय, मी बोलेन तसं उतरव, मध्येच इस्त्री फिरवू नकोस. तरी ती फिरवणारच. तिला सुरकुती बघवत नाही.

घरची खबर सांगते. दारूगोळ्याचं कोठार उडालं तेव्हा फुटलेल्या खिडक्यांना आता काचा बसल्या. शेजारीण अजून रोज विचारते, जेवलात का, आणि उत्तर ऐकायच्या आत निघून जाते. तुझ्या आईची खाट मी हलवलेली नाही. घरात भांडायला कोणी उरलं नाही, म्हणून भांड्यांशी भांडते. ती उलट बोलत नाहीत, त्यामुळे रंगत नाही. तुझा बाप आम्हाला टाकून गेला तेव्हा मुलगा गेला आणि सून उरली. लोकांनी हळहळ केली, पण सौदा माझ्या फायद्याचा होता. हे मी तिला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर डोक्यावर बसली असती.

आणि हो, तुझा तो भुंगा. सकाळी मी वाळत घालायला अंगणात आले की कौलांवरून गुणगुणत येतो, दोरीच्या वर थांबतो आणि आपला काळा डोळा माझ्यावर रोखतो. पहिल्या दिवशी मी झाडू उगारला. दुसऱ्या दिवशी वेणी घालून आले. म्हटलं, बघायचंच आहे तर नीट बघ. शेजारीण म्हणते, सरकारी पाहणी चाललीय. कसली पाहणी? आमची गल्ली गोळ्यांपासून साफ झाल्याचं केव्हाच जाहीर झालं, चौकातला दोर काढला, पोरं पुन्हा चेंडू खेळायला लागली. सगळं गाव सोडून त्या भुंग्याला माझे परकरच बघायचेत होय? कोण चालवतंय ते मला कळत नाही असं समजू नकोस. तो येतो तसा वाकडा, जरासा डावीकडे कलत. तू चालायला शिकलास तेव्हा असाच कलायचास.

बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकात लागलास तेव्हा मला या यंत्रांचा केवढा अभिमान वाटला होता! ओट्यावर बसून वाटीला बॉम्ब करून तू मला समजावलं होतंस. आधी वरून उडतं यंत्र, म्हणजे हा भुंगा, पाठवायचं, काय पडलंय ते दुरून बघायचं. मग लोखंडी हात असलेला, दुरून चालवायचा गाडा पाठवायचा. मग त्या गाड्याने वस्तूमागे पाटी धरायची आणि आतलं चित्र काढायचं, दवाखान्यात हाडांचं काढतात तसं. आत काय भरलंय ते दिसलं की मगच माणूस जायचा. तोवर सगळे सुरक्षित अंतरावर. तुझी आई पोळी लाटता लाटता म्हणाली, म्हणजे माझा मुलगा बॉम्बजवळ जाणारच नाही ना? आणि तिने त्या दिवशी पोळ्या जाळल्या नाहीत, तेवढ्यावरून मी ओळखलं की ती किती खूश आहे.

आता ठोंब्याचं. तुला आठवण करून द्यायला नको, पण मला उगाळायचंय, तू ऐक. कोठाराशेजारच्या गावात दुसरं काय मिळणार? रिकामी, निकामी झालेली गोळ्यांची कवचं भंगारात यायची. कोणी त्यांत रोपं लावायचं, कोणी छत्र्या ठेवायचं. तुझ्या आईच्या लाँड्रीतल्या बायकांनी एकात वाळू भरून तोंड सिमेंटने बंद केलं आणि वाळवणीच्या खोलीच्या जड दाराला टेकू म्हणून ठेवलं. हलत नाही, बोलत नाही, म्हणून नाव ठोंब्या. शाळा सुटली की तू त्याच्यावर बसून आईची वाट बघायचास, कानांना कपड्यांचे चिमटे लावून. म्हणून तर तू चिमट्या. चादरींवर खुणा करायच्या शाईने तूच त्याला दोन डोळे काढलेस, एक मोठा, एक बारका. आई तुला रागावली, पण ते पुसू दिले नाहीत तिने. शाई उडाली की नवी फिरवायची.

कोठाराला आग लागली त्या दुपारी गोळे गावभर उडाले. लाँड्रीची मागची भिंत बसली. बाकीच्या बायका निघाल्या, तुझी आई तुळईखाली पाय अडकून राहिली. बोलत होती, हाका मारत होती. वाटेतच, मोडलेल्या दाराशी, ठोंब्या काजळीने काळा होऊन आडवा पडला होता. तुमच्या भुंग्याला वरून दिसला तो तोफगोळा. दोर ताणला गेला, आम्हाला पार रस्त्याच्या टोकाला ढकललं. आम्ही घसा फोडून सांगितलं, अहो तो आमच्या दाराचा टेकू आहे, आत वाळू आहे! पहारेकरी म्हणाला, बायांनो, मागे व्हा. माझी हाक तुला ठाऊक आहे, बाजारात घातली तर परक्यांची पोरं घाबरून घरी जायची. पण तू गाडीत, दार लावून, कानांवर ते ऐकायचे डबे चढवून पडद्यासमोर बसला होतास.

मग गाडा निघाला. दवाखान्याच्या ओल्या चादरी सगळीकडे पसरल्या होत्या, त्या त्याच्या पट्ट्यांत गुंडाळल्या गेल्या, आणि तो लाखमोलाचा गाडा नव्या नवरीसारखा पदरात अडकून मध्येच बसला. दुसरा गाडा शेजारच्या गावाहून मागवला. तो आला, पाटी धरली, चित्र निघालं. वाळू. तेव्हा कुठे माणसं धावली. तोवर आत कोणी हाका मारत नव्हतं. डॉक्टर म्हणाला, रक्त फार गेलं. केव्हा बाहेर काढायला हवं होतं, हे मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. भला माणूस.

तुझा मोठा साहेब घरी येऊन गेला, हे तुला कळलं असेलच. त्याची डावी बाही रिकामी. मी बाहीकडे बघते आहे हे बघून त्यानेच सांगितलं. तरुणपणी एका म्हाताऱ्याने छातीठोक सांगितलं होतं, हा आमचा जुना गोळा, पोकळ आहे, आम्ही त्यावर कपडे धुतो. साहेबाने विश्वास ठेवला. म्हातारा खोटं बोलत नव्हता, त्याला फक्त त्याच्यासारखाच दुसरा गोळा शेजारी येऊन पडल्याचं माहीत नव्हतं. आजी, म्हणाला, त्या दिवसापासून आमच्याकडे कोणाचा शब्द चालत नाही, चित्र चालतं. तुमच्या नातवाने नियम पाळला, म्हणून आज त्याची माणसं जिवंत आहेत. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, त्याला काय बोलणार? मी त्याला चहा दिला. एका हाताने त्याने कपबशी इतकी जपून धरली की मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा संताप आला. तुला शाबासकीचा कागद मिळाला, हेही त्यानेच सांगितलं. भिंतीवर लावलास का रे? खिळा सरळ ठोक.

त्यानंतर तू दारात आला नाहीस. तुझ्या पथकाचा गाडीवाला मात्र येतो. औषधं, बिस्किटं, एकदा तर गरम मोजे. उंबऱ्यावर ठेवून असा मागे सरकतो की जणू मीच गोळा आहे. मावशीला तुझे फोन येतात. आजीची तब्येत कशी आहे, रडते का, माझं नाव काढते का, काढलं तर कशा आवाजात. ती भाबडी सगळं सांगते, आणि नंतर येऊन मलाही सांगते. तेव्हा वाळत घालता घालता माझ्या डोक्यात उजेड पडला. वरून भुंगा झाला. गाडा झाला. आतलं चित्र काढणंही चाललंय. आजी फुटेल की नाही, याचा अंदाज घेतोयस होय रे, गुलामा?

इथे मावशी थांबली आहे. पुढचं तिला लिहायचं नाही, पण तिच्यामुळेच तर हे पत्र. त्या दिवशी दोराशी सगळ्यात पुढे ती होती. आईचं बोलणं गाड्यामार्फत तुझ्या कानांवरच्या डब्यांत जात होतं, ते फक्त तू ऐकलंस. पण तुझा आवाज गाड्याच्या भोंग्यातून बाहेर येत होता. तिने ऐकलं. तू म्हणालास, हो गं आई, कळलं मला, पण आधी यंत्राला बघू दे. इतके महिने तिने हे पोटात ठेवलं आणि काल चादरीच्या घडीचं दुसरं टोक धरून मला सांगितलं. काय कळलं होतं तुला? तो ठोंब्या आहे असं आईने सांगितलं? त्याचे डोळे कॅमेऱ्याकडे होते, की मातीत? ओळखून थांबलास, की न ओळखता? साहेबाच्या हिशोबी दोन्ही एकच. माझ्या हिशोबी नाही. उत्तर मावशीच्या फोनवर नको, गाडीवाल्याच्या हाती नको. भुंगा पुन्हा आला तर काठीने खाली पाडीन, आणि माझा नेम तुला ठाऊक आहे. तुझा अंदाज मी सोपा करून देते: आत वाळू नाही. तू काहीही सांगितलंस तरी मी फुटणार, मोठ्याने फुटणार, शेजारीण जेवण टाकून पळेल. यंत्रांचं काम संपलं. आता माणसाची पाळी. ये. दाराला टेकू लावून ठेवलाय, लाँड्रीतून मी तो मागून आणला. काजळी घासून काढली. डोळे पुसट झालेत, शाई तुलाच फिरवावी लागेल.

तुझीच, अजून न फुटलेली,
आजी