अकराव्या डावापर्यंत कुणी बोललं नाही

२५ जून १९५१, सोमवार

एकानं तरी विचारायचं होतं! अठरा धडधाकट बापे बाकावर, आणि माझ्या भावाला, डेल्मरला, 'हात दुखतोय का रे' एवढं विचारायला एकाचीही जीभ उचलली नाही. म्हणे बेसबॉलची रीत आहे. पिचरनं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यानं, समोरच्यांना एकही हिट मारू दिली नसेल, तर त्याच्याशी बोलायचं नाही, जवळ बसायचं नाही — नाहीतर घात होतो. कालच्या सामन्यात सहाव्या डावापासून डेल्मर बाकाच्या टोकाला एकटा. वाळीत टाकल्यासारखा.

नेहमीचे नऊ डाव झाले, शून्य–शून्य. दहा झाले, शून्य–शून्य. आमच्या लोकांना बॅट जड झाली होती! अकराव्यात डेल्मरचे चार चेंडू भरकटले, एकाला पहिला बेस फुकट मिळाला. तो सरकत सरकत तिसऱ्या बेसवर पोचला. मग एक चेंडू हातातून सुटला तो मागे झेलायला बसलेल्या कॅचरच्या डोक्यावरून थेट मागच्या जाळीवर. तिसऱ्यावरचा पळत घरी आला, एक धाव. संपलं. एकही हिट नाही, आणि हरलो!

डेल्मर उजवा हात पोटाशी धरून आला.

२६ जून

डॉक्टर म्हणाला, कोपराच्या आतला बंध तुटलाय. "जेवता येईल, बूट बांधता येतील." आणि पिचिंग? "ते आता विसरा."

अठ्ठावीस वर्षांचा आहे. वरच्या लीगचा माणूस गुरुवारी त्याला बघायला येणार होता.

२७ जून

टीमचा मॅनेजर ड्रुरी केक घेऊन दारात. म्हटलं, "आता वाचा फुटली?"

"ओपल, रीत तुलाही ठाऊक आहे. मी विचारलं असतं आणि पुढच्याच चेंडूवर हिट बसली असती, तर तूच माझी मुंडी मुरगाळली असतीस."

"मुरगाळली असती. पण त्याचा हात राहिला असता."

टोपी हातात घेऊन उभा राहिला. केक ठेवून घेतला. अन्नाशी काय वैर!

२८ जून

डेल्मर बोलत नाही. माझ्याशी एक अक्षर नाही.

डुकराचे चॉप्स केले होते. डाव्या हातानं कापायला गेला, ताट जमिनीवर. मी कापून देते म्हटलं, तर उठूनच गेला. आई गेली तेव्हा चार वर्षांचा होता. घास मीच भरवले. आता माझा हात नको झालाय.

३० जून

शेजारची मिसेस पॉट्स कुंपणावरून ओरडते, "ओपल, पेपरात आलाय गं तुझा डेल्मर! अकरा डाव, एक हिट नाही! कापून जपून ठेव!"

म्हटलं, तुमच्याच चुलीत घाला.

१ जुलै, रविवार

पिशवी भरतोय. इंडियानात मावसभाऊ घरं रंगवतो, त्याच्याकडे जाणार. गुरुवारची बस. हेही मला ड्रुरीकडून कळलं!

२ जुलै

डेल्मर, ही वही तुझ्या पिशवीवर ठेवतेय. मागची पानं वाचलीस तरी चालेल. त्यात एक गोष्ट नाही.

आठव्या डावानंतर तू बाकावरून मागे वळलास. मी प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत, पाच हातांवर. तू कोपर धरून माझ्याकडे बघितलंस. मला कळलं रे. सगळं कळलं. एक हाक मारली असती तर ड्रुरीनं तुला खेळातून काढला असता.

मी तोंड फिरवलं. रीत म्हणून नाही. तू वरच्या लीगला जावंस, लोकांनी म्हणावं हा ओपलनं वाढवलेला — ते मला हवं होतं. तुझ्या हातापेक्षा जास्त हवं होतं.

शिव्या दे. लाथ मार. पण तोंड उघड. बुधवारपर्यंत मला उत्तर हवंय.