हळदीचे ठिपके, कुंकवाचे ठिपके

आई, तू गेल्यापासून बंद असलेल्या ट्रंकेतून काल तुझी जुनी कॅलेंडरं काढली. गुंडाळलेली, वर परकराची नाडी. तू रद्दीला काहीच घालायची नाहीस म्हणून मी तुझी जन्मभर चेष्टा केली. ती मागे घेते.

धाकटीला पुन्हा आवाज ऐकू येतात. एकोणिसाव्या वर्षी यायचे तसेच. मधली वर्षं गोळ्यांवर बरी गेली, आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पाळी जायला लागली आणि ते परत आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बायकांच्या शरीरातलं इस्ट्रोजेन मेंदूला थोडं सांभाळून घेतं असं दिसतं. ते उतरलं की, पाळीच्या तोंडावर किंवा पाळी जाताना, काहींचा आजार डोकं वर काढतो. "पहिली पाळी कधी आली? तेव्हा त्रास महिन्याच्या कुठल्या दिवसांत व्हायचा?" मी संस्कृत शिकवते. उन्मादाचे प्रकार धडाधडा सांगितले असते. तारीख एकही सांगता येईना.

तारखा तुझ्याकडे होत्या. देवघराला विटाळ नको म्हणून माझ्या दिवसांवर हळदीचा ठिपका, तिच्या दिवसांवर कुंकवाचा. माझा पहिला बाराव्या वर्षी, तिचा पार सोळाव्या. आणि ती ओरडायची त्या चौकोनात पेन्सिलीनं 'देवी'. महिन्यामागून महिने तेच: दोन-तीन दिवस देवी, मग कुंकू, मग शांत.

धाकटी शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "अक्का, देवी बी तारीख बघूनच यायची की गं!" आणि कितीतरी दिवसांनी हसली.

उद्या दहाला दवाखाना. कॅलेंडरं पिशवीत भरलीत. यंदाच्या कॅलेंडरावर ठिपके ती स्वतः देते, 'आवाज' असं स्वच्छ लिहिते. या वेळी एक दिवसही वाया जाऊ देणार नाही.

एक राहिलं. भाकरी थापता थापता तू एकदा विचारलं होतंस, "हिला डॉक्टरला दावूया काय गं? मला ह्ये देवीचं वाटत न्हाय." जयसिंगपूरचे पाहुणे मला बघायला येणार होते. मी म्हटलं, आत्ता नको, लोकांत बोभाटा होईल. पुढं दोन वर्षं गेली, आणि आईनं देवी-देवी करत ती वर्षं घालवली, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. काल बघितलं: पाहुणे येऊन गेले त्या आठवड्यापासून 'देवी' आहे. त्याआधी तिच्या ओरडण्याच्या दिवसांवर नुसती फुली.

हा कागद त्याच नाडीत बांधून ट्रंकेत ठेवते. उद्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तेव्हा इतका उशीर का केलात?" तर तुझं नाव सांगणार नाही.